पेशंटच्या ताटाबद्दल फिजिओथेरपिस्टने किती बोलावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) होऊन तालुक्याच्या गावी स्वतःचं क्लिनिक काढलेल्या एका तरुण फिजिओथेरपिस्टकडे येणारे बहुतेक पेशंट गुडघ्याचे. कुणाचे झिजलेले, कुणाचे बदललेले. व्यायाम वेळेवर होतो, पण मांडी काही भरत नाही. पेशंट विचारतात, "डॉक्टर, खायचं काय?" आहारतज्ज्ञ मैत्रीण म्हणते, तो तुझा प्रांत नाही. आणि प्रोटीन पावडरवाला प्रतिनिधी दर पंधरवड्याला येऊन बसतो. तर खाण्याबद्दल बोलावं का, आणि बोलायचं तर कुठवर?

बोलावं. डाएट चार्ट मात्र लिहून देऊ नये. बाकी सगळा तपशील.

कायद्याचं आधी उरकून टाकतो. २०२१ च्या नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याच्या परिशिष्टात फिजिओथेरपी आणि पोषणशास्त्र हे दोन वेगळे व्यवसायगट आहेत. त्यामुळे तुमच्या मैत्रिणीचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. मूत्रपिंडाच्या पेशंटचा आहार, मधुमेहाचा आहार, कॅलरी मोजून आखलेला दिवस हे तिचं काम. पण खाण्यात काही कमी पडतंय का हे ओळखणं, सर्वसाधारण माहिती देणं आणि गरज दिसली की तिच्याकडे पाठवणं हे तुमचंही काम आहे. अमेरिकन फिजिकल थेरपी असोसिएशनने २०१५ मध्ये ठराव करून साधारण हीच रेघ आखली. आपल्याकडे त्यात वेळेची बाजूही आहे. ऑपरेशननंतर सर्जन पेशंटला मोजक्या वेळा भेटतो, तेही टाके आणि एक्सरे बघण्यापुरता. तुमच्याकडे तो आठवड्यातून तीनदा येतो, अर्धा-पाऊण तास असतो. आयएफटी (दुखण्यावर सौम्य विद्युतप्रवाह देणारं यंत्र) लावून पडलेल्या काकू सुनेपासून शेजारणीपर्यंत सगळं सांगतात. त्यातच त्या काल रात्री काय जेवल्या तेही सांगतील, विचारलं तर.

खरं म्हणजे खाण्याबद्दल आपण सगळे आधीपासूनच बोलतो, आणि वाईट बोलतो. "वजन कमी करा" हे ते बोलणं. कसं ते सांगत नाही. साठीच्या काकू घरी जाऊन काय करतात? रात्रीचं जेवण सोडतात. दूध बंद. वरणातली डाळ निम्मी, पाणी दुप्पट. दोन पोळ्यांची एक, भात तेवढाच, कारण रात्री मऊ भात पचायला हलका. तीन-चार महिन्यांनी काटा खाली आलेला असतो, आपण शाबासकी देतो, आणि खुर्चीतून उठताना त्या पूर्वीपेक्षा जास्त हाताचा आधार घेतात. चरबीबरोबर मांडीही गेलेली असते. ज्या स्नायूसाठी आपण रोज एसएलआर (पाय सरळ ठेवून उचलणं) आणि मिनी स्क्वॉट (अर्धवट बैठक) करून घेतोय, तोच आपल्या सल्ल्याने झिजला.

वजन उतरवण्याचा फायदा खोटा नाही. नॉर्थ कॅरोलायनातल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या २०१३ च्या आयडिया चाचणीत गुडघेदुखीचे ४५४ जाडजूड पेशंट १८ महिने बघितले. आहार आणि व्यायाम दोन्ही असलेल्या गटाचं वजन सरासरी ११ टक्क्यांहून थोडं जास्त उतरलं, नुसत्या व्यायामाच्या गटाचं जेमतेम २ टक्के, आणि दुखणं सर्वांत कमी झालं ते दोन्ही केलेल्यांचं. त्याच संशोधकांनी २००५ मध्ये दाखवलं होतं की शरीराचं वजन जेवढं उतरतं, त्याच्या सुमारे चौपट भार गुडघ्यावरून प्रत्येक पावलाला कमी होतो. पण या चाचणीतल्या लोकांच्या जेवणावर आहारतज्ज्ञांची नजर होती आणि व्यायाम देखरेखीखाली होता. आपण त्यातलं फक्त "वजन कमी करा" उचललं. म्हणून माझा पहिला आग्रह असा: वजनाचा विषय काढाल तेव्हा त्याच वाक्यात डाळ, दूध, अंडं यांतलं काय कमी करायचं *नाही* तेही सांगा. ते सांगायला वेळ नसेल तर वजनाचा विषयच काढू नका.

आता प्रथिनांचं गणित. आयसीएमआर-एनआयएनच्या, म्हणजे राष्ट्रीय पोषण संस्थेच्या, २०२० च्या शिफारशीत प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं धरली आहेत. प्रथिनं मुख्यतः धान्यांतूनच येत असतील तर किलोमागे १ ग्रॅमच्या आसपास धरावी लागतात. पासष्टीपुढच्यांसाठी २०१३ मध्ये आलेल्या प्रॉट-एज या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाच्या शिफारशी १ ते १.२ ग्रॅम सांगतात, आणि आजारातून किंवा दुखापतीतून उठणाऱ्या वृद्धांसाठी १.२ ते १.५. वजन खूप जास्त असेल तर प्रत्यक्ष वजनाने गुणू नका, आकडा फुगतो. उंचीला साजेशा वजनाने गुणा. पाच फुटांच्या काकूंना साधारण ६० ग्रॅमचं लक्ष्य धरलं तर फार चुकत नाही.

त्यांचं रोजचं खाणं मोजून बघा. सकाळी चहा-बिस्कीट. नाश्त्याला पोहे: तीन-चार ग्रॅम, शेंगदाणे मोकळ्या हाताने घातले असतील तर पाच. दुपारी दोन पोळ्यांचे सहा, पातळ वरणाचे तीन, भाजीचे दोन, थोड्या भाताचे दोन-तीन. चारला पुन्हा चहा आणि खारी. रात्री मऊ भात आणि ताक. एकूण तीस-पस्तीसच्या पुढे गाडी जात नाही. त्यातही सकाळचा आणि रात्रीचा वाटा अगदी किरकोळ. वृद्ध स्नायूला एका वेळेला २५ ते ३० ग्रॅम प्रथिनं मिळाली तर तो नीट प्रतिसाद देतो. तेवढं दिवसातून एकदाही मिळत नाही. मग थेराबँडचा रंग बदलून, म्हणजे जास्त ताणाचा रबरी पट्टा देऊन, काय होणार?

गुडघा बदलल्यावर तर ही तूट उघडी पडते. ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिन्यात क्वाड्रिसेप्सची (मांडीच्या पुढच्या स्नायूची) ताकद निम्म्याहून खाली येते. २०१३ मध्ये अमेरिकेत २८ पेशंटवर झालेल्या एका छोट्या चाचणीत ऑपरेशनच्या आधी एक आठवडा आणि नंतर दोन आठवडे, दिवसातून दोनदा २० ग्रॅम अत्यावश्यक अमिनो आम्लं दिली. दोन आठवड्यांनी ज्यांना ती दिली नव्हती त्यांच्या मांडीचा स्नायू सुमारे १४ टक्क्यांनी आटला होता, ज्यांना दिली त्यांचा तीन-साडेतीन टक्क्यांनी. चाचणी छोटी आहे, तिच्यावर सगळा डोलारा उभारू नका. पण एक गोष्ट तिने मला पटवली: खाण्याचं बोलणं ऑपरेशनच्या *आधी* सुरू व्हायला हवं. तारीख ठरलेला पेशंट प्री-हॅबसाठी (ऑपरेशनपूर्वीच्या व्यायामासाठी) आला की पहिल्याच दिवशी विचारा.

विचारायचं कसं? "तुम्ही प्रोटीन खाता का?" असं विचारलंत तर उत्तर "हो, सगळं खातो" असंच येणार. "काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय पोटात गेलं, चहासकट सांगा" असं विचारा. मग दोन जोडप्रश्न: गेल्या सहा महिन्यांत कपडे, बांगड्या सैल झाल्यात का, आणि कुठल्या वारी उपास असतो. उपासाचा प्रश्न विसरू नका. सोमवार, गुरुवार, संकष्टी, दोन्ही एकादश्या आणि त्यात श्रावण, असं धरलं तर महिन्यातले बरेच दिवस साबुदाण्यावर जातात, आणि साबुदाण्यात प्रथिनं जवळपास शून्य. खिचडीत जे काही आहे ते शेंगदाण्याचं. उपास सोडायला सांगू नका, ऐकणार नाहीत, आणि सांगणारे आपण कोण? राजगिरा, दूध, दही, शेंगदाण्याची आमटी आणि वरईचा भात हे सगळं उपासाला चालतंच. साबुदाण्याची वाटी कमी करून ते वाढवा.

पथ्याचा अडसर याहून मोठा, आणि इथे नव्या मुलांची फार फसगत होते. गुडघा दुखतो म्हणजे वात, वात म्हणजे डाळ-कडधान्य बंद, हे काकूंना आईने, सासूने आणि शेजारच्या तीन जणींनी सांगितलेलं असतं. त्यावर तुम्ही "वात वगैरे काही नसतं" म्हणालात की तुमचं उरलेलं बोलणंही गेलं. मी वाद घालत नाही. वाल, हरभरा, वाटाणा वातूळ म्हणता ना, राहू द्या बाजूला. मुगाला तर कुणी नावं ठेवत नाही? मग मुगाचं घट्ट वरण, मुगाची धिरडी, मोड आलेल्या मुगाची उसळ, हिंग-जिऱ्याची फोडणी आणि वर चमचाभर तूप. तीस ग्रॅम कोरड्या मुगात सात ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि सासूबाईंचंही राहतं. ऑपरेशननंतरचं दुसरं पथ्य: आंबट खाल्लं की टाके पिकतात. म्हणून लिंबू, टोमॅटो, दही सगळं बंद, नेमकं कोलॅजन बांधायला क जीवनसत्त्व लागतं तेव्हा. तिथे आवळा आणि पेरू सुचवा. आवळा कितीही आंबट असला तरी त्याला घरात मान असतो, आणि पेरूत संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व असतं. तिसरं, "युरिक अ‍ॅसिड वाढलंय म्हणून डाळ बंद". गाऊट (युरिक आम्लाचे खडे सांध्यात साचून होणारी सांधेदुखी) नसताना नुसत्या रिपोर्टातल्या आकड्याला भिऊन डाळ सोडलेले पेशंट तुम्हाला रोज भेटतील. अमेरिकेतल्या ४७ हजारांवर पुरुषांचा जो मोठा अभ्यास २००४ मध्ये आला, त्यात गाऊटचा धोका मटण आणि मासळीने वाढला, वनस्पतींमधल्या प्युरीनने (ज्यापासून युरिक आम्ल बनतं) वाढला नाही, आणि दुधाच्या पदार्थांनी उलट कमी झाला. तरी हे सांगून डाळ तुम्ही सुरू करून देऊ नका. फिजिशियनला चिठ्ठी लिहा की एवढ्या आकड्यावर डाळ बंद ठेवायची गरज आहे का. बहुतेक वेळा "गरज नाही" असंच उत्तर येतं, आणि ते डॉक्टरांच्या तोंडून आलं की घरात चालतं.

सुचवायचं ते एका वेळी एकच, आणि त्यांच्याच स्वयंपाकघरातलं. जेवणात भाकरी-पिठलं आणि वाटीभर दही: पाच, सात, चार, एकूण सोळा ग्रॅम झाले. ताक आणि दही एक नव्हे, पातळ ताकात उरतं ते पाणी आणि मीठ. अंडी चालत असतील तर दोन अंड्यांचे बारा. सोयाबीनच्या वड्या तीस ग्रॅम घेतल्या तर पंधरा, आणि किमतीत याला तोड नाही. वास आवडत नाही म्हणतात, तर गरम पाण्यात भिजवून पिळून घ्यायच्या आणि रश्श्यात टाकायच्या. कोकणातल्या पेशंटला सुकट-जवळा आठवतोच, पण बीपी असेल तर त्यातलं मीठ लक्षात ठेवा. हाडांसाठी नाचणी आणि तीळ आहेतच. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे, पण दिवसाची गरज १००० मिलिग्रॅम, पाळी गेलेल्या बाईची १२००, त्यामुळे एका भाकरीने ती भागत नाही. पायाच्या सुपाबद्दल विचारतील. प्यावं, चांगलं लागतं. हाड त्याने लवकर जुळतं असं मात्र कबूल करू नका.

मोजमापाकडे येऊ, कारण इथे आपण आहारतज्ज्ञाच्याही पुढे आहोत. सार्कोपेनिया म्हणजे वयानुसार स्नायू आणि ताकद घटणं. एशियन वर्किंग ग्रुप फॉर सार्कोपेनियाचे २०१९ चे निकष आपल्याच हत्यारांनी तपासता येतात. पोटरीचा घेर पुरुषांत ३४ आणि बायकांत ३३ सेंटीमीटरपेक्षा कमी. मुठीची पकड पुरुषांत २८ आणि बायकांत १८ किलोपेक्षा कमी. हात न लावता खुर्चीतून पाच वेळा उठबस करायला १२ सेकंद किंवा जास्त. टेप, डायनमोमीटर (पकड मोजायचं यंत्र), खुर्ची आणि मोबाइलमधलं घड्याळ. डायनमोमीटर नसेल तर बाकीचे दोन पुरेत. पायाला सूज असेल तर पोटरी फसवते, तेवढं बघा. हे आकडे केसपेपरवर सांध्याच्या हालचालीच्या रेंजच्या शेजारीच लिहा आणि दर महिन्याला पुन्हा घ्या. पेशंटला व्हिटॅमिनपेक्षा "तुमचे चौदा सेकंदांचे अकरा झाले" हे जास्त कळतं.

आता जिथे तोंड मिटून घ्यायचं त्या जागा. क्रिएटिनिन वाढलेला (म्हणजे मूत्रपिंड थकलेला) आणि डायलिसिस सुरू नसलेला पेशंट: प्रथिनं वाढवायची भाषा करूच नका, नेफ्रॉलॉजिस्टने बहुधा ती बांधून दिलेली असतात. म्हणून मधुमेही किंवा जुन्या बीपीच्या माणसाची फाइल आधी उघडा, मग बोला. वॉर्फरिन (रक्त पातळ करायची गोळी) चालू असलेल्याला पालेभाजी एकदम वाढवायला सांगू नका, गोळीचा हिशेब बिघडतो. पक्षाघाताच्या पेशंटला जेवताना ठसका लागत असेल किंवा आवाज ओलसर येत असेल तर दूध-अंडं राहिलं बाजूला, गिळण्याची तपासणी आधी. आणि पार्किन्सन, जे आपण हमखास विसरतो. लेव्होडोपा (पार्किन्सनची मुख्य गोळी) आणि जेवणातली प्रथिनं आतड्यातून आत शिरायला एकाच दाराशी रांग लावतात. "दर जेवणात प्रथिनं वाढवा" हा आपला लाडका सल्ला तिथे दिलात तर गोळी उशिरा चढते आणि पेशंट तुमच्याच सेशनमध्ये अडखळतो. गोळी जेवणाच्या साधारण अर्धा तास आधी होते का एवढं विचारा आणि बाकी न्यूरॉलॉजिस्टवर सोडा.

काही वेळा तर ताटाचा प्रश्न हाच निदानाचा धागा असतो. दोन्ही तळपाय बधिर, अंधारात तोल जातो, चप्पल सुटलेली कळत नाही, आणि चिठ्ठीवर "सायटिका". पेशंट शाकाहारी, दूधही कमी, वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी). इथे नर्व्ह ग्लायडिंग (नस मोकळी करायचे व्यायाम) सुरू करण्याआधी बी १२ तपासायला पाठवा. मेटफॉर्मिनने बी १२ कमी होतं आणि शाकाहाराने मुळात ते कमीच येतं. या जोडीचे पेशंट आपल्या भागात खोऱ्याने आहेत, आणि उशीर झाला तर नसांचं नुकसान पुरतं भरून येत नाही. व्हिटॅमिन डीबाबत उलटं: तिथे सल्ला द्यायचा नसतो, थांबवायचं असतं. साठ हजार युनिटची गोळी आठवड्यातून एकदा सांगितलेली असते आणि पेशंट रोज घेतो, किंवा आठ आठवड्यांची दोन वर्षं चालवतो. "ती मोठी गोळी कधी घेता?" एवढं विचाराच. मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी लघवी अशी तक्रार असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे.

मधुमेह्याची सकाळची वेळ हा सुरक्षेचाच विषय आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) घेऊन, नाश्ता न करता साडेसातला आलेल्या पेशंटकडून सायकल चालवून घेऊ नका. ग्लुकोमीटर टेबलावर ठेवा. ९० च्या खाली साखर असेल तर १५ ते ३० ग्रॅम कर्बोदकं आधी पोटात, मग व्यायाम. ७० च्या खाली गेली तर व्यायाम रद्द, तीन-चार चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. फ्रोझन शोल्डरच्या पेशंटमध्ये मधुमेही किती असतात हे तुम्हाला माहीतच आहे, तेव्हा हे रोजचंच समजा.

तुमच्याकडे पोलीस भरतीची पोरंही येत असणार. पहाटे १६०० मीटरचा सराव, दुपारी मेसमधला भात आणि पाणीदार आमटी, आणि नडगी दुखते म्हणून तुमच्याकडे. मुली ८०० मीटरवाल्या. एका जागी बोट ठेवल्यावर कळ येत असेल तर स्ट्रेस फ्रॅक्चरची शंका घ्या आणि खाणं पुरतंय का विचारा. मुलीला पाळी नियमित आहे का हेही, आईसमोर नको, पण विचारा. पाळी तीन महिने नसेल तर तो टेपिंगचा विषय राहत नाही, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ दोघांकडे पाठवा. व्यायामाच्या मानाने खाणं कमी पडून शरीराचं काम असं बिघडतं, त्याला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती २०१४ पासून रेड-एस म्हणते. या पोरांना पावडरचा डबा नको आहे, दोन वेळचं पुरेसं जेवण आणि खिशात फुटाणे हवेत.

पाठवायचं कुणाकडे, हा तालुक्याच्या गावात खरा प्रश्न. तुमची मैत्रीण आहे, तिच्याशीच बोलणं करा: आठवड्यातून एक दिवस तुमच्या क्लिनिकमध्ये किंवा फोनवर. चिठ्ठीत मोघम "डाएटसाठी" लिहू नका. वजन, पोटरी, उठबशीचे सेकंद, काल काय खाल्लं, कुठलं पथ्य, कुठल्या गोळ्या आणि तुम्ही व्यायाम किती देताय ते लिहा. अशी चिठ्ठी मिळाल्यावर तीही मग "तुझा प्रांत नाही" म्हणायची नाही. मणक्याच्या टीबीचा पेशंट असेल तर निक्षय पोषण योजनेचे (टीबीच्या पेशंटना आहारासाठी मिळणारे सरकारी) पैसे खात्यात येतात का विचारा. २०१८ मध्ये महिना ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झालेत, आणि बँक खात्याच्या गोंधळात ते अडकून पडलेले असतात.

राहिला पावडरवाला. काही पेशंटना पावडर लागते: भूक मेलेली, दात नाहीत, ऑपरेशननंतर जेवण जात नाही. त्यांना ती आहारतज्ज्ञाने ठरवून द्यावी. सरसकट नको, आयसीएमआर-एनआयएनची २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वंही शरीर कमावण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट टाळा असंच सांगतात. कोलॅजनच्या पुड्यांचा आधार म्हणून जो अभ्यास दाखवला जातो तो २०१७ चा, आठ निरोगी तरुणांवरचा आहे, झिजलेल्या गुडघ्याच्या काकूंवरचा नाही. डबा क्लिनिकमध्ये ठेवून विकू नका आणि त्यावर कमिशन घेऊ नका. बाराशे रुपयांच्या डब्यात महिन्याची अंडी, दूध आणि सोयावड्या येऊन वर पैसे उरतात हे काकूंना ठाऊक असतं, आणि कपाटात तो डबा दिसला की पुढच्या वेळी काल काय खाल्लं ते त्या खरं सांगणार नाहीत.